संशयित म्हणजे गुन्हेगार का?

प्रश्न : ताई, ती ब्रिटिश मुलगी मॅडलिन मॅकॅन, तिच्या केसवरून आमच्या घरात रोज वाद. भाऊजी म्हणतात तो नवा जर्मन माणूसच, फाईल बंद. सासूबाईंना अजून आईबापावरच डाऊट. खरं काय धरायचं?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : अगं, भाऊजींना म्हणावं जरा दमानं. पोरगी 3 मे 2007 ला पोर्तुगालमधून गायब झाली आणि जर्मन पोलिसांनी हा माणूस संशयित म्हणून जाहीर केला 2020 ला, मग 13 वर्षांनी साक्षीदाराला खरं आठवतंय की टीव्हीवर बघितलेलं आठवतंय हे कसं कळणार, फोटो घरोघरी पोचल्यावर ओळख परेडला तरी काय अर्थ उरतो? आईबापाला पोर्तुगीज पोलिसांनी संशयित केलं होतं खरं, पण 2008 ला तो शिक्का काढला, आणि त्याच वर्षी ब्रिटनमधल्या एक्सप्रेस ग्रुपच्या पेपरांनी आईबापावर खोटे आरोप छापल्याबद्दल पहिल्या पानावर माफी मागून साडेपाच लाख पाउंड मोजले. हे सासूबाईंना वाचून दाखव (ऐकणार नाहीत, तरी दाखव).

तिकडे निदान पैशावर भागलं. आपल्याकडे 1 जुलै 2018 ला धुळ्याच्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं, मालेगावातही एका कुटुंबाला पोलिसांनी कसंबसं सोडवलं. मूळ काय, तर व्हॉट्सअ‍ॅपवरची अफवा. घरात वाद घाला हवा तेवढा, पण तुमच्या ग्रुपवर कुणाचा फोटो आला तर पुढे ढकलू नका, खरंच काही दिसलं असेल तर 112 (पोलीस) नाहीतर 1098 (मुलांची हेल्पलाईन) ला फोन लावा.