लातूरला चार माणसांच्या घरासाठी जुनी स्टेशन वॅगन (मागे लांब डिकी असलेली कार) घ्यावी की सात सीटर?

माणसं चारच अन् सामान जास्त असेल तर वॅगन. सात सीटरची तिसरी रांग उभी केली की डिकी नावालाच उरते. अर्टिगात 209 लिटर. उरलेलं कॅरियरवर चढतं आणि गाडी वळणावर झुलते. वॅगनमध्ये ज्वारीचं पोतं फार उचलावं लागत नाही, वजनही खाली राहतं. मात्र सीटच्या पाठीपेक्षा उंच रचू नका, ब्रेक मारला की सगळं मानेवर येतं.

टाटाची इंडिगो मरीना ही वॅगन 2004 ला आलेली, त्यामुळे पंधरा वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण झालंय का ते आरसीवर आधी पाहा. मग रिकामी गाडी सपाट जागी लावून मागच्या चाकाच्या मध्यापासून चाकावरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत टेपनं मोजा, दोन्ही बाजूंनी. ठळक फरक आला तर एका बाजूची स्प्रिंग बसलेली असू शकते; अशी गाडी भरून शेतरस्त्याला नेली की खालून घासणारच. नेहमी सहा जण जाणार असाल तर वॅगनचा नाद सोडा.