कोल्टचं जुनं .२२ कन्व्हर्जन युनिट शंभर डॉलरला मिळालं. त्याची खरी किंमत किती?

तुम्ही विचारलंय की ओहायोत शेजारच्या दिवंगत आजोबांचं सामान विकायला काढलं होतं, त्यात कोल्ट या अमेरिकी बंदूक कंपनीचं .२२ कन्व्हर्जन युनिट, म्हणजे .४५ पिस्तुलातून लहान .२२ काडतुसं झाडता यावीत म्हणून त्यावर बसवायचे भाग, खोक्यासकट शंभर डॉलरला मिळालं. पिस्तूल नाहीच, मग नुसत्या या भागांना कोण पैसे देणार?

देतात, आणि शंभराच्या कितीतरी पट देतात. पण आधी हात जोडून सांगतो, त्याला पॉलिश लावू नका. मऊ कापडाने तेलाचा पातळ हात फिरवा आणि तसंच ठेवा.

ही वस्तू मंदीच्या काळातली. .४५ची काडतुसं महाग आणि सराव तर हवाच, म्हणून कोल्टने १९३१मध्ये .२२वर चालणारं ‘एस’ (Ace) पिस्तूल काढलं. पण .२२च्या काडतुसाला जोर कमी, त्यामुळे हाताला .४५चा धक्का जाणवेना. तो प्रश्न डेव्हिड मार्शल विल्यम्सने सोडवला. उत्तर कॅरोलायनात तुरुंगात असताना बंदुकांची रचना शिकलेला हा माणूस. त्याने काडतूस बसतं तो चेंबर नळीपासून सुटा केला. बार उडाला की वायूच्या दाबाने तो तुकडा जरासा मागे सरकतो आणि स्लाइडला, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाला, जोरात ढकलतो. १९३८मध्ये हीच युक्ती घेऊन कन्व्हर्जन युनिट आलं. आपल्याच .४५ची वरची स्लाइड काढायची, ही बसवायची, झालं.

तुमच्या खोक्यातून तो सुटा चेंबर हातात घेऊन बघा. बोटाच्या पेराएवढा आहे, पण सगळी किंमत त्याच्याभोवती फिरते. शिशाची काजळी साचून तो अडकतो, मग लोक स्क्रू-ड्रायव्हरने उचकटतात आणि कडा खरवडतात. त्याच्याइतकाच महत्त्वाचा इजेक्टर, म्हणजे रिकामं काडतूस बाहेर फेकणारा भाग. हा छोटा सुटा तुकडा सगळ्यात आधी हरवतो. नळी, बुशिंग (नळीचं टोक धरून ठेवणारी कडी), स्प्रिंग, स्लाइड स्टॉप, मॅगझिन, माहितीपत्रक आणि खोका, यातलं काय काय आहे ते मोजा. दुसऱ्या महायुद्धानंतरचं युनिट पूर्ण असेल तर काही शे डॉलरना जातं. युद्धापूर्वीचं, मूळ खोक्यात आणि मूळ रंगात असलेलं, हजाराच्या पुढे. एक इजेक्टर नसला तरी गिऱ्हाईक लगेच घासाघीस करतं.

मी स्वतः एकदा चांगलाच फसलो. एका प्रदर्शनात ‘शंभर टक्के मूळ’ म्हणून घेतलेली स्लाइड घरी खिडकीच्या उजेडात तिरकी धरली, तर कोरलेल्या अक्षरांच्या कडा बोथट, साबणावरची अक्षरं झिजतात तशा. कुणीतरी घासून नव्याने रंग चढवला होता. निम्मे पैसे पाण्यात गेले. तुम्हीही तुमची स्लाइड तशीच तिरकी धरून बघा. कडा टोकदार दिसल्या तर मला मनापासून आनंद होईल.

जोडसामानाचा भाव मूळ बंदुकीच्या कितीतरी पुढे जाऊ शकतो. त्याचं माझ्या मते सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे पेडरसन डिव्हाइस. पहिल्या महायुद्धात जॉन पेडरसनने अमेरिकी सैन्याच्या एम१९०३ स्प्रिंगफील्ड रायफलीसाठी ते घडवलं. रायफलीचा बोल्ट (काडतूस आत ढकलणारा, हाताने ओढायचा दांडा) काढून हे आत सरकवलं की प्रत्येक गोळीमागे बोल्ट ओढायची गरज नाही, चाप दाबत राहायचं. मॅगझिनमध्ये पिस्तुलाच्या ताकदीची ४० काडतुसं. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून कागदोपत्री नावही ‘पिस्तूल’ ठेवलं होतं. १९१९च्या चढाईसाठी ते बनवायला घेतले आणि नोव्हेंबर १९१८मध्ये युद्धच संपलं, तरी एकूण सुमारे ६५,००० तयार झाले. पुढे १९३१मध्ये सैन्याने ते जवळजवळ सगळे जाळून नष्ट केले. आज वाचलेले शंभरही नसावेत असं मानतात, आणि लिलावात त्यांना सहसा पाच आकडी डॉलर पडतात. त्यासाठीच डाव्या बाजूला खाच पाडलेल्या ‘मार्क वन’ रायफली मात्र लाखाच्या वर बनल्या होत्या. त्या आजही मिळतात, आणि साध्या स्प्रिंगफील्डपेक्षा फार महाग नसतात. इथे रायफल स्वस्त आणि तिच्यात बसणारी वस्तू सोन्याच्या मोलाची.

एक गोष्ट फार कळकळीने सांगतो. दिवाळीला पुण्याला जाताना भावाला दाखवायला म्हणून हे बॅगेत टाकू नका. भारताच्या १९५९च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही ‘शस्त्र’ या व्याख्येत येतात, आणि अमेरिकेतून ते बाहेर न्यायलाही निर्यातीचे नियम आहेत. विमानतळावर सापडलं तर ‘नुसते भाग आहेत’ हे कुणी ऐकून घेणार नाही.

आणि शक्य असेल तर त्या आजोबांच्या मुलीला खरी किंमत सांगा. खोक्यासोबत पावती किंवा जुना फोटो निघतो का, तेही तिला विचारा. स्लाइडची डावी बाजू, सुटा चेंबर आणि खोक्यावरचं लेबल असे तीन फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता काढून टाका. युद्धाआधीचं की नंतरचं, ते बघून सांगतो.