टक्क्यांचं नंतर बघू, आधी तो लाल दिवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. इलेक्ट्रिक गाडी परवा घरी आली, बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), ४५ युनिटची. घर म्हणजे बडोद्याच्या दांडिया बाजारातला जुना वाडा. गिझरसाठी काढलेल्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर गाडीबरोबर आलेला पोर्टेबल चार्जर लावलाय. चार्जरवर कधी हिरवा दिवा लागतो, कधी लाल. बाबा म्हणतात रोज रात्री फुल्ल करून ठेव, मित्र म्हणतो ८०च्या पुढे नेलीस तर बॅटरी गेली. कोणाचं ऐकायचं?

त्या दोघांचं भांडण थोडा वेळ बाजूला ठेवा. सगळ्यात गंभीर गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत, ती म्हणजे लाल दिवा. जुन्या वाड्यात तो लागतो तेव्हा बहुतेक वेळा अर्थिंग नसतं, किंवा नावापुरतं असतं. वायरमनला बोलवाल तर तो पाच मिनिटांत ‘थई जशे’ (होऊन जाईल) म्हणेल आणि सॉकेटच्या मागे अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देईल. दिवा हिरवा होईल, तुम्ही त्याला चहा पाजाल. हे कृपा करून होऊ देऊ नका. उद्या खांबापासून येणारा न्यूट्रल तुटला तर तोच जोड गाडीच्या पत्र्यात करंट आणेल, आणि सकाळी ओल्या हाताने दार उघडायला जाणारे तुम्हीच असाल. माझ्याकडे २०२१ साली एकाने नेमकं हेच करून ठेवलं होतं. कलाभवनातून (आपल्या इथलं इंजिनिअरिंग कॉलेज) इलेक्ट्रिकल करून बाहेर पडलेला माझा आतेभाऊ सहज घरी आला, सॉकेट उघडून बघितला आणि मला जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खरा उपाय म्हणजे चार्जिंगसाठी स्वतंत्र अर्थिंग. अंगणात किंवा मागच्या बोळात जागा बघून खड्डा, त्यात पाइप किंवा कॉपर बाँडेड रॉड, भोवती कोळसा आणि मीठ किंवा हल्ली मिळणारी तयार पावडर. मग मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजायचा, तोही चार्जिंग चालू असताना. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर बरं, पाचाच्या पुढे गेला तर अजून काहीतरी गडबड आहे. आपल्याकडे मे महिन्यात जमीन पार वाळते, तेव्हा खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतायचं. आमच्याकडे ते काम तुळशीला पाणी घालणाऱ्या व्यक्तीकडेच आहे, म्हणून विसरलं जात नाही.

आता त्या गिझरच्या पॉइंटबद्दल. गिझर पंधरा मिनिटं चालतो आणि बंद होतो. गाडी मात्र सहा-सात तास न थांबता करंट ओढते. गिझरला पुरलेली वायर आणि सैल झालेली सॉकेटची पिन गाडीला पुरत नाही. माझ्या घरी तिसऱ्याच महिन्यात रात्री ओसरीवर जळक्या बेकेलाइटचा वास आला. प्लग काढला तर पितळेची पिन काळी आणि भोक वितळलेलं. तेव्हा बोर्डापासून वेगळी लाइन ओढून घ्या: तांब्याची, ४ स्क्वेअर एमएम, मध्ये कुठेही जोड नको. तिच्यावर २० अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), तोही टाइप ए. सॉकेट नवीन, चांगल्या प्रतीचा. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही, ‘आजच्या रात्रीपुरता’ सुद्धा नाही. पुढे कधी ७.२ किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जरचा डबा लावायचा विचार असेल तर आत्ताच ६ एमएमची वायर टाकून ठेवा, भिंत पुन्हा फोडायला नको. त्या डब्यासाठी वीज कंपनीकडून, म्हणजे एमजीव्हीसीएलकडून, मंजूर लोडही वाढवून घ्यावा लागेल, पण आज तुम्हाला त्याची गरज दिसत नाही.

नवीन लाइन झाल्यावरही पहिले आठ दिवस एक सवय ठेवा. चार्जिंग सुरू होऊन तासभर झाला की प्लगला हात लावून बघायचा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर बंद करून सॉकेट बदलायचा. काही गाड्यांत आणि चार्जरमध्ये करंट कमी करायची सोय असते, ती असेल तर तोवर कमीवर चालवा.

आता टक्के. मित्राचं ऐकून तुम्ही घाबरलात, पण त्याने वाचलेला सल्ला एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) या दुसऱ्या प्रकारच्या बॅटरीचा आहे. ती रोज ८०पर्यंत आणि प्रवासाच्या आदल्या रात्रीच पूर्ण भरावी, हे बरोबरच. तुमची एलएफपी आहे. तिची गंमत अशी की बरीच भरलेली असो की अर्धी, मधल्या मोठ्या टप्प्यात तिचा व्होल्टेज जवळजवळ सारखाच राहतो. गाडीला नेमका अंदाज येतो तो अगदी वरच्या टोकाला पोचल्यावर. महिनोन्महिने ८०वरच थांबवत राहिलात तर काट्याचा हिशेब चुकायला लागतो, आणि मग २५ टक्के दिसत असताना अचानक १५ दिसतात. म्हणून आठवड्यातून एकदा घरच्याच संथ चार्जरवर १००पर्यंत न्या आणि गाडी आपणहून थांबेपर्यंत मध्ये काढू नका. शेवटच्या एक-दोन टक्क्यांना वेळ लागतो, सेल एकमेकांच्या बरोबरीला येत असतात. बाकीचे दिवस ७०-८० खूप झालं. म्हणजे बाबा आठवड्यातून एक दिवस बरोबर आहेत.

मुळात रोज लावायची गरज आहे का, तेही मोजा. मकरपुरा जीआयडीसीला (औद्योगिक वसाहतीत) कामाला जाऊन-येऊन आणि संध्याकाळची भाजी, सेव उसळ वगैरे धरून ३५ किलोमीटर झाले असं समजू. शहरात युनिटला सहा-सात किलोमीटर मिळतात, म्हणजे पाच-सहा युनिट गेले. १५ अँपिअरवर ते दोन तासांत भरतात. मी एक दिवसाआड लावतो. पेट्रोलच्या सवयीने काटा खाली येईपर्यंत थांबू नका आणि मोबाइलसारखं सारखं टोचतही राहू नका. अहमदाबादला एक्स्प्रेसवेने जाऊन यायचं असेल तर सव्वादोनशे किलोमीटर होतात, आणि १००च्या वेगाने बॅटरी शहरापेक्षा भराभर उतरते. आठवड्याचं ते ‘फुल्ल’ अशा प्रवासाच्या आदल्या रात्रीला जोडून घ्या.

रात्रभर लावून झोपायला हरकत नाही, भरली की गाडी स्वतः थांबते. फक्त उन्हाळ्यात वेळ निवडा. दुपारी ४२ अंशांत चालवून आणली की लगेच लावू नका. अ‍ॅपमध्ये वेळ ठरवायची सोय असेल तर रात्री एक-दोनची वेळ लावा. हवा निवते, आजूबाजूचे एसी कमी होतात, व्होल्टेजही सुधारतो. नवरात्रात आमच्याकडे हे आपोआपच होतं, गरब्याहून घरी यायलाच दीड वाजतो.

पावसाचं विचारलंत. चार्जरची गाडीत लावायची बंदूक पाण्याला पुरून उरते, भिंतीकडचा प्लग नाही. पागोळ्या पडतात तिथे सॉकेट नको, वर झाकण हवं, आणि चार्जरचा डबा फरशीवर लोळत नको. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या समा भागातल्या सोसायटीत कमरेएवढं पाणी होतं. माझा सॉकेट गुडघ्याच्या उंचीवर होता, तो गेला. गाडी वाचली, कारण आदल्या संध्याकाळी मी ती पुलावर नेऊन लावली होती, आणि नेता आली कारण बॅटरीत ६० टक्के होते. (शेजाऱ्यांच्या पार्किंगमध्ये मगर निघाली, पण ते आपल्याकडे आता कोणी सांगतही नाही.) तेव्हापासून सॉकेट पाच फुटांवर, आणि आजवा धरणाच्या पातळीच्या बातम्या यायला लागल्या की गाडी ६०च्या खाली ठेवत नाही. पाणी शिरलेला चार्जर वाळवून पुन्हा लावायचा नाही, गाडीत पाणी गेलं असेल तर तिलाही चार्जिंग नाही, थेट सर्व्हिस सेंटरला उचलून न्यायची.

दिवाळीला पुण्याला दोन-तीन आठवडे जाणार असाल तर १००वर ठेवून जाऊ नका. गरमी आणि भरलेली बॅटरी हे दोन्ही एकत्र कोणत्याच प्रकाराला मानवत नाही. ५०च्या आसपास ठेवा. आणि परत आल्यावर गाडी उघडलीच नाही तर मोठ्या बॅटरीला दोष देऊ नका. साधारणपणे १२ व्होल्टची छोटी बॅटरी बसलेली असते.

आज रात्री चार्जर लावू नका. दोन-तीन दिवस बाहेर कुठे भरून आणा, आणि न्यूट्रल-अर्थचं रीडिंग मिळालं की मला कळवा. वाड्यात खड्ड्याला जागा मिळत नसेल तर चौकाचा आणि मोरीचा फोटोही पाठवा, काहीतरी काढू.