मोठा श्वास घेऊ नका, सावकाश सोडा

ताई, आम्ही रावेर तालुक्यातले. वादळात कापणीवर आलेली केळीची बाग आडवी झाली, सोसायटीचं कर्ज तसंच डोक्यावर आहे. तेव्हापासून रात्री अंथरुणावर पडलं की श्वास पुरत नाही. सारख्या जांभया येतात, कितीही ओढला तरी छाती भरत नाही. मग ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं आखडतात. ईसीजी, एक्स-रे, हिमोग्लोबिन, थायरॉइड सगळं नॉर्मल आलं. सासूबाई म्हणतात, मोठा श्वास घे. घेतला की आणखीच घाबरतं.
– एक वाचक, वय 36

सासूबाई मायेनं सांगताहेत, पण तुमचा त्रास त्या मोठ्या श्वासानंच वाढतोय. रिपोर्ट आणि तुम्ही लिहिलेली लक्षणं एकत्र पाहिली तर तुम्हाला हवा कमी पडत नाहीये, गरजेपेक्षा जास्त होतेय.

शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो. जीव धास्तावला की श्वास भराभर आणि खोल होतो, पण अंथरुणावर पडलेल्या शरीराला एवढी हवा लागतच नाही. रक्तात ऑक्सिजन आधीच पुरेसा असतो, तो काही फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र भसाभस बाहेर जातो. तो घटला की मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरतं. रक्तातलं वापरात येणारं कॅल्शियमही तात्पुरतं कमी होतं, त्यानं नसा उत्तेजित होतात. मुंग्या आणि आखडलेली बोटं त्यामुळेच. हा लकवा नाही. श्वास ताळ्यावर आला की बोटं आपोआप सुटतात.

छाती भरत नाही, कारण आधीचा श्वास पुरता सोडलेलाच नसतो. भरल्या हंड्यात आणखी पाणी ओतावं तसं होतं. त्यात मान आणि खांद्याचे स्नायू छाती वर ओढून ओढून थकतात, म्हणून छाती जड वाटते.

सराव त्रास नसताना करा, जेवणानंतर लगेच नको. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारच्या झळांपेक्षा पहाट बरी. परकराची नाडी सैल करा. कमरेला करकचून बांधलेली नाडी पोटाला हलूच देत नाही, आणि ही गोष्ट कुणी सांगत नाही. पाठीवर झोपून गुडघे वाकवा, एक हात छातीवर, एक बेंबीच्या वर ठेवा. सुरुवात श्वास सोडण्यापासून करा. मग तोंड मिटून नाकानं, मनात चार आकडे मोजत, लहानसा श्वास आत घ्या. खालचा हात किंचित वर यावा, वरचा जवळपास स्थिर राहावा. पोट जोर लावून फुगवू नका. सहा आकडे मोजत सोडा, नाकानं किंवा फुंकर घालतो तसे ओठ करून. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास होतील. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. चार-सहा जड गेलं तर तीन-चारवर या. डोकं हलकं झालं तर श्वास अजून मोठा होतोय, तो लहान करा. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं, काही आठवडे नेमानं. पहिले काही दिवस ‘आता मोठा घेऊ का’ अशी ऊर्मी येईल. तेव्हा एक आवंढा गिळा आणि पुढचा श्वास लहानच घ्या.

रात्री त्रास सुरू झाला तर उठून बसा, पाठ टेकवा, खांदे सोडा आणि फक्त सोडण्याकडे लक्ष द्या. तोंडाला कागदी पिशवी लावू नका, दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर ते धोक्याचं ठरतं. कपालभाती, भस्त्रिकाही सध्या बंद ठेवा, त्यातही श्वास जोरात आणि भराभरच होतो.

कर्जाची काळजी खरी आहे, ती श्वासानं मिटणार नाही. पण ती अंथरुणात नेऊ नका. दिवसा यजमानांसोबत वही घेऊन बसा. सोसायटीचे किती, हप्ता कधी, पंचनाम्याचं आणि विम्याचं कुठवर आलंय, सगळं लिहून काढा.

छातीत दाबल्यासारखं दुखून हात किंवा जबड्याकडे कळ गेली, आडवं झाल्यावर खरोखर धाप लागली, पाय सुजले, छातीत सूं-सूं वाजलं किंवा शुद्ध हरपली, तर आधीच्या नॉर्मल रिपोर्टवर विसंबू नका. लगेच डॉक्टर गाठा, गरज पडली तर 108 ला फोन करा. आणि झोप उडालीच, जगणं नकोसं वाटू लागलं, तर टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या, 14416 या सरकारी नंबरवर बोला. तो मोफत आहे, रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं.