बायकोची व्हीडीआरएल पॉझिटिव्ह, मग नवऱ्यानेही इंजेक्शन घ्यायचं का?

भाऊ, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बायकोला पाचवा महिना, चाळीसगावला तपासणीत व्हीडीआरएल १:१६ आली, टीपीएचएही पॉझिटिव्ह (या दोन्ही सिफिलिसच्या, म्हणजे संबंधांतून पसरणाऱ्या गुप्तरोगाच्या रक्ततपासण्या). तुम्हाला काहीच त्रास नाही, म्हणजे "तिलाच लग्नाआधीपासून असेल, मी कशाला टोचून घेऊ?" शिवाय आईला कळायला नको.

तपासणी करा आणि डॉक्टर सांगतील ते इंजेक्शनही घ्या. बायकोचे उपचार झाले आणि तुमच्यात जंतू राहिले, तर तिला परत लागण होऊ शकते. सिफिलिस एकदा बरा झाला म्हणून पुन्हा होत नाही असं नाही.

आता "कोणी आणलं" याबद्दल. मी लॅबमध्ये वर्षानुवर्षं काम केलंय, रिपोर्ट हातात पडताच काउंटरवरच भांडायला उठलेली जोडपी पाहिलीत. त्या कागदात ते लिहिलेलं नसतं. पहिला फोड दुखत नाही, काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. बाईला तो आत गर्भाशयाच्या तोंडाशी झाला तर दिसणारही नाही. पुढे तळहात-तळपायावर पुरळ येतं, तेही जातं, आणि मग रोग वर्षानुवर्षं गुपचूप पडून राहतो. तुमच्यातही तसाच असू शकतो. सुरतेच्या फेऱ्यांचं तुम्ही स्वतःच लिहिलंय, म्हणून एवढंच म्हणतो: बोट दाखवायची घाई करू नका.

बाळाचं मात्र थांबून चालत नाही. उपचार न केल्यास पोटातच दगावू शकतं किंवा आजार घेऊन जन्मतं. गरोदरपणात यावर भरवशाचं औषध एकच, बेन्झाथिन पेनिसिलीन. मेडिकलवाल्याने दिलेल्या डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लिन) गोळ्या तिला देऊ नका. रोग किती जुना ते कळत नसेल तर २४ लाख युनिटचा डोस आठवड्याला एक, असे तीन. दुधासारखं पांढरं, घट्ट औषध असतं. सुई अडकते, म्हणून कालवल्याबरोबर द्यावं लागतं, बहुतेकदा अर्धं-अर्धं दोन्ही कुल्ल्यांवर. दुखतं, खोटं कशाला सांगू. पहिल्या दिवशी ताप-कणकण येऊ शकते. तिला पोट दुखलं, कळा आल्या किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर लगेच दवाखाना. पेनिसिलीनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. मधला डोस चुकवू नका, नाहीतर कधीकधी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक'ची, म्हणजे गुप्तरोगांच्या सरकारी दवाखान्याची चौकशी करा; तपासणी, औषध फुकट, समुपदेशकही असतो. दोघांची एचआयव्ही तपासणीही तिथेच उरकून घ्या. संकोच वाटत असेल तर आधी १०९७ या सरकारी एड्स हेल्पलाइनला फोन लावा. दोघांचे डोस पूर्ण होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत संबंध बंद. आईला "रक्त कमी आहे, इंजेक्शनं चालू आहेत" एवढं पुरे.

टीपीएचए पुढे बहुधा कायम पॉझिटिव्हच राहील, त्याला घाबरू नका. व्हीडीआरएलचा आकडा उतरतोय का ते बघायचं, आणि ती तपासणीही शक्यतो एकाच लॅबमध्ये.

शेवटचं आणि महत्त्वाचं. पहिलं बाळंतपण म्हणजे ती माहेरी शहाद्याला जाणार. सासऱ्यांना दिसेल म्हणून ही फाईल घरी ठेवून घेऊ नका. डोस कोणत्या तारखांना झाले ते तिथल्या डॉक्टरला कळलं तरच जन्मल्यावर बाळाचं रक्त तपासायचं की त्यालाही इंजेक्शन द्यायचं, हे ठरवता येईल. पाकीट चिकटवून तिच्या हातात द्या, आणि तुम्हीही एकदा तिथल्या डॉक्टरांना भेटून या.