वाचकांचे प्रश्न : सिअॅटलच्या ‘डेब्रेक स्टार’ केंद्राची जागा कोणी मिळवली?

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही सिअॅटलजवळ बेलव्ह्यू येथे राहतो. डिस्कव्हरी पार्कमध्ये फिरताना तेथील ‘डेब्रेक स्टार’ हे आदिवासींचे सांस्कृतिक केंद्र पाहिले. हे केंद्र महापालिकेने आदिवासींसाठी उभारले, असे आमच्या ओळखीची काही मंडळी सांगतात. उलट ही जागा आदिवासींनी लढून मिळवली, असेही ऐकले. यात खरे काय?
– एक वाचक, बेलव्ह्यू, अमेरिका

उत्तर : दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, परंतु क्रम लक्षात घेतला पाहिजे. आधी लढा झाला, मग वाटाघाटी झाल्या आणि महापालिकेचे सहकार्य त्यानंतर आले. हा क्रम उलटा सांगितला की शहराच्या पदरात नको तितके श्रेय पडते आणि ज्यांनी कुंपण ओलांडून अटक करवून घेतली, ती माणसे गोष्टीतून नाहीशी होतात.

थोडे मागे जावे लागेल. ज्याच्या नावावरून शहराला नाव मिळाले, तो सिअॅटल हा दुवामिश आणि सुक्वामिश या जमातींचा प्रमुख होता. २२ जानेवारी १८५५ रोजी झालेल्या पॉइंट इलियटच्या करारावर त्याने आपली निशाणी केली आणि प्युजेट साउंड या समुद्राच्या फाट्याच्या पूर्व किनाऱ्यावरची प्रचंड भूमी अमेरिकी सरकारच्या ताब्यात गेली. त्यानंतर दहाच वर्षांनी, १८६५ मध्ये, शहराच्या विश्वस्त मंडळाने आपल्या पहिल्यावहिल्या ठरावांत एक ठराव असा केला की, गोऱ्या मालकाकडे कामाला असून त्याने राहण्याची सोय केली असेल त्याखेरीज कोणाही आदिवासीने शहरात वस्ती करू नये. ज्या प्रमुखाचे नाव शहर मिरवत होते, तो त्या वेळी हयात होता.

विसाव्या शतकाच्या मध्यावर धोरणाची दिशा बदलली, पण ती आदिवासींच्या भल्याची होती असे मला वाटत नाही. जमातींशी असलेले सरकारचे विशेष संबंध टप्प्याटप्प्याने संपवावेत, असा ठराव अमेरिकी काँग्रेसने १९५३ मध्ये केला, आणि १९५६ च्या कायद्याने राखीव प्रदेशातील (म्हणजे जमातींसाठी राखून ठेवलेल्या भूमीवरील) तरुणांना व्यवसाय-प्रशिक्षणाच्या निमित्ताने शहरांकडे पाठवण्याची सोय केली. शहरात आलेल्या माणसाला एक विलक्षण अडचण भोगावी लागे. आरोग्य, शिक्षण, मदत अशा ज्या सेवा केंद्र सरकार करारानुसार देत असे, त्या बहुतांशी राखीव प्रदेशाच्या हद्दीशी बांधलेल्या होत्या. हद्द ओलांडली की त्या सुटत. शहराचे अधिकारी म्हणत, हे लोक केंद्र सरकारची जबाबदारी आहेत. केंद्राचे अधिकारी म्हणत, ते आता शहराचे नागरिक झाले आहेत. या ओढाताणीत सिअॅटलमधील आदिवासी स्त्रियांनी १९५८ मध्ये ‘अमेरिकन इंडियन विमेन्स सर्व्हिस लीग’ ही संस्था काढली आणि नव्याने आलेल्यांना कपडेलत्ते, जेवण, नोकरीची माहिती देणारे एक छोटे केंद्र चालवले. पुढच्या साऱ्या चळवळीचा पाया या बायकांनी घातला, आणि त्यांचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

आता केंद्राच्या जागेकडे वळू. आज जेथे डिस्कव्हरी पार्क आहे तेथे फोर्ट लॉटन हा लष्करी तळ होता. शहरातील नागरिकांनीच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती जमीन लष्कराला देऊ केली होती. १९६४ मध्ये त्यातील बहुतेक जमीन आपल्या गरजेपेक्षा अधिक आहे, असे लष्कराने जाहीर केले आणि तेथे मोठे उद्यान व्हावे यासाठी शहराने हालचाली सुरू केल्या. तेव्हाच्या नियमांप्रमाणे शहराला बाजारभावाच्या निम्मी किंमत भरावी लागली असती. सिनेटर हेन्री जॅक्सन यांच्या पुढाकाराने १९७० मध्ये कायदा झाला आणि उद्यानांसाठी अशी जमीन अगदी नाममात्र किंवा विनामूल्य देणे शक्य झाले. या सगळ्या बेतात आदिवासींचा विचार कोणी केलेला नव्हता.

८ मार्च १९७० रोजी शंभरच्या आसपास आदिवासी कार्यकर्ते तळाच्या कुंपणावरून आत शिरले. त्यांच्या नेत्यांत बर्नी व्हाइटबेअर आणि प्युअलप जमातीचे बॉब सॅटियाकम हे प्रमुख होते. सान फ्रान्सिस्कोच्या खाडीतील अल्काट्राझ बेट आदिवासींनी काहीच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर १९६९ मध्ये, ताब्यात घेतले होते आणि त्याचे पडसाद सिअॅटलपर्यंत पोहोचले होते. ‘शोधाच्या हक्काने’ ही जमीन आम्ही परत घेत आहोत, अशी घोषणा आंदोलकांनी केली. युरोपीय राष्ट्रांनी ज्या युक्तिवादावर हा खंड बळकावला, तोच त्यांनी त्या सत्तेपुढे ठेवला. लष्करी पोलिसांनी त्यांना धरून बाहेर काढले. ते पुन्हा आत आले, पुन्हा धरले गेले. मुख्य दरवाजाबाहेर तंबू ठोकून काही आठवडे ठिय्या चालला. अभिनेत्री जेन फोंडा या पाठिंबा द्यायला आल्या आणि त्यामुळे वार्ता देशभर गेली. व्हाइटबेअर हे कोलव्हिल राखीव प्रदेशात वाढलेले, स्वतः लष्करात छत्रीधारी सैनिक म्हणून सेवा केलेले आणि बोइंगच्या कारखान्यात काम केलेले गृहस्थ होते. लष्कराची शिस्त आणि सरकारी कागदपत्रांची भाषा दोन्ही त्यांना अवगत होती, हे पुढे फार उपयोगी पडले.

लढ्याचा खरा निकाल लागला तो टेबलावर. आंदोलकांनी ‘युनायटेड इंडियन्स ऑफ ऑल ट्राइब्स फाउंडेशन’ ही संस्था स्थापून जमिनीवर रीतसर दावा सांगितला. एकाच जमिनीवर दोन दावेदार उभे राहिल्यावर शहराला बोलणी करणे भाग पडले, आणि १९७१ च्या अखेरीस तडजोड झाली. उद्यानातील वीस एकर जागा संस्थेला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळाली आणि मुदत संपल्यावर पट्टा वाढवण्याची तरतूदही त्यात राहिली. महापौर वेस उलमन यांच्या कारकिर्दीत हे घडले. संपूर्ण उद्यान पाचशे एकरांहून मोठे आहे, तेव्हा वीस एकर म्हणजे मोठे दान नव्हे.

इमारत १३ मे १९७७ रोजी खुली झाली. तिच्या आराखड्यात बर्नी यांचे भाऊ, शिल्पकार लॉनी रेयेस यांचा वाटा होता. आपण आत गेलात तर आधाराला उभे केलेले प्रचंड लाकडी ओंडके जरूर निरखून पाहा. क्विनॉल्ट, कोलव्हिल, मकाह अशा जमातींनी आपापल्या जंगलांतले लाकूड या कामासाठी दिले. ज्या जमातींचा सिअॅटल शहराशी थेट संबंध नव्हता त्यांनीही शहरात राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांसाठी लाकूड पाठवले, आणि त्यामुळे ‘सर्व जमातींचे’ हे संस्थेच्या नावातले शब्द त्या भिंतींत खरोखर उतरले आहेत. भिंतींवरील कोरीव पटांसाठी आणि चित्रांसाठी शहराच्या कला-निधीतूनही साहाय्य मिळाले होते. शहराचे खरे योगदान मोजायचे तर येथून मोजावे.

एक गोष्ट सांगितल्याखेरीज हे उत्तर पुरे होणार नाही. डेब्रेक स्टार हे निरनिराळ्या जमातींतून शहरात आलेल्यांचे केंद्र आहे. ज्या दुवामिश लोकांच्या भूमीवर शहर वसले, त्यांचे ते नव्हे. दुवामिश जमातीला केंद्र सरकारने अद्याप मान्यता दिलेली नाही. २००१ च्या जानेवारीत मावळत्या सरकारने ती देऊ केली आणि त्याच वर्षी नव्या सरकारने ती फिरवली. मान्यता नसल्याने जमातीला राखीव प्रदेशही नाही. तरीही या लोकांनी दुवामिश नदीकाठी, आपल्या एका जुन्या गावाच्या समोर, स्वतः जागा विकत घेऊन लाँगहाउस, म्हणजे पारंपरिक धर्तीचे लांबट लाकडी सभागृह, बांधले आणि ते २००९ मध्ये सुरू झाले. आपल्या घरापासून ते फार लांब नाही. दोन्ही ठिकाणे पाहिल्याशिवाय सिअॅटलची गोष्ट समजली असे म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मी एका महापालिकेतून निवृत्त झालो आहे. आम्ही समाजमंदिरे आणि सांस्कृतिक भवने बांधून, देखभालीची तरतूद करून ती चालवत असू. सिअॅटलने तसेच का केले नाही? जमीन संस्थेच्या हाती दिल्याने पुढे पैशांची अडचण येत नाही काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अडचण येते, आणि आलीही. डेब्रेक स्टारला गेल्या दशकात मोठ्या आर्थिक संकटातून जावे लागले. लहान मुलांचे वर्ग, वृद्धांचे जेवण, बेघर तरुणांचे वसतिगृह अशी कामे अनुदानांवर चालतात. अनुदान आटले की पगार थांबतात, आणि १९७७ च्या इमारतीचे छप्पर मात्र गळायचे थांबत नाही. आपली शंका म्हणूनच रास्त आहे.

तरीही संस्थेकडे जमिनीचा ताबा असणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. महापालिकेच्या भवनात सभागृह कोणाला द्यायचे, भाडे किती, दिवे किती वाजता बंद करायचे, हे खाते ठरवते. अंदाजपत्रकात कपात झाली, आयुक्त बदलले किंवा सत्ता पालटली की समाजाचा कार्यक्रम बाजूला पडू शकतो, हे आपण खात्यात राहून माझ्यापेक्षा जवळून पाहिले असेल. नव्व्याण्णव वर्षांचा पट्टा हाती असलेल्या संस्थेला संकटाच्या वर्षीही जागेवरून कोणी हलवू शकले नाही, आणि उभे राहायला जागा होती म्हणूनच पुन्हा देणग्या आणि करार मिळवता आले.

पुण्यातील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय आपण पाहिले असेल. वारली, भिल्ल, कोकणा, गोंड अशा समाजांच्या वस्तू तेथे जतन केल्या आहेत आणि अभ्यासकाला त्याचा मोठा आधार आहे. संग्रहालयात मात्र माणूस पाहायला जातो आणि पाहून परत येतो. समाजाच्या केंद्रात तो लग्नाची बोलणी करायला, अंत्यविधीनंतर जमायला, मुलाला आजीची भाषा शिकवायला आणि नोकरीचा अर्ज भरून घ्यायला जातो. ही दुसऱ्या प्रकारची जागा शहरात आलेल्या आदिवासींना हवी असते, आणि तिची चावी त्यांच्याच हाती असावी लागते.

महापालिकेने काहीच करू नये, असे मी म्हणत नाही. मिनिआपोलिस शहरात फ्रँकलिन ॲव्हेन्यूवर १९७५ मध्ये सुरू झालेले असेच एक केंद्र आहे. ओजिब्वे जमातीचे चित्रकार जॉर्ज मॉरिसन यांनी लाकडी तुकडे जुळवून केलेली त्याची दर्शनी भिंत प्रसिद्ध आहे. सार्वजनिक निधी आणि देणग्या यांच्या बळावर त्या वास्तूचे मोठे नूतनीकरण होऊन ती २०२४ मध्ये पुन्हा खुली झाली. कारभार समाजाच्याच हाती राहिला. शहराने जमीन द्यावी, दुरुस्तीला पैसा द्यावा, सेवांचे करार करावेत आणि कारभारात हात घालू नये, ही वाटणी टिकते असे या दोन शहरांवरून दिसते.

सिअॅटलमध्ये हा प्रश्न पुन्हा उभा राहिला, हेही आपल्याला रोचक वाटेल. फोर्ट लॉटनचा राखीव सैन्याकडे उरलेला भाग २००५ नंतर पुन्हा ‘गरजेपेक्षा अधिक’ ठरला. या वेळी शहराने डेब्रेक स्टार चालवणाऱ्या संस्थेला बोलावले आणि परवडणाऱ्या घरांच्या आराखड्यात तिला सहभागी करून घेतले. परिसरातील रहिवाशांच्या विरोधामुळे आणि खटल्यांमुळे काम रखडले, तरी शहर परिषदेने २०१९ मध्ये आराखडा मंजूर केला. १९७० मध्ये कुंपण ओलांडावे लागले होते. पन्नास वर्षांनी बैठकीचे निमंत्रण आले.

प्रश्न : उन्हाळ्यात डेब्रेक स्टार येथे होणाऱ्या पाउवाउला, म्हणजे आदिवासींच्या नृत्य-गायनाच्या मेळाव्याला, बाहेरच्यांनी जावे काय? आमच्या मराठी मंडळातील काही कुटुंबांना मुलांसह जायचे आहे. काय पथ्ये पाळावीत?
– एक वाचक भगिनी, रेडमंड, अमेरिका

उत्तर : जरूर जा. जुलैमधील हा मेळावा सर्वांना खुला असतो आणि तेथील खाद्यपदार्थ व हस्तकला यांवर खर्च झालेला पैसा थेट कारागिरांपर्यंत जातो.

पथ्ये थोडी आहेत, पण ती मनापासून पाळावीत. आरंभीच्या प्रवेश-मिरवणुकीच्या वेळी उभे राहावे, टोपी काढावी, आणि निवेदक सांगेल तेव्हा चित्रीकरण थांबवावे. नर्तकांचा पोशाख हा त्यांचा मानाचा साज असतो, कित्येकदा आजी-आजोबांकडून आलेला. त्याला परवानगीशिवाय हात लावू नये आणि फोटो काढायचा तर आधी विचारावे. रिंगणात गरुडाचे पीस गळून पडले तर नृत्य थांबते, आणि ते सन्मानपूर्वक उचलण्याचा मान बहुधा माजी सैनिकाला दिला जातो. मुलांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती धावत जाऊन पीस उचलतील. ढोलाभोवती बसलेल्या गायकांच्या अगदी जवळ जाऊन उभे राहू नये. निवेदकाने ‘इंटरट्रायबल’ असे पुकारले की मात्र रिंगण सर्वांसाठी खुले होते. तेव्हा मुलांचे हात धरून खुशाल आत उतरा आणि ढोलाच्या ठेक्यावर इतरांच्या दिशेनेच चालत राहा. एखाद्या कुटुंबाच्या मदतीसाठी रिंगणात घोंगडी पसरली तर तिच्यावर टाकण्यासाठी थोडे सुटे पैसे जवळ ठेवावेत. केंद्राजवळ गाड्या लावायला जागा अपुरी असते, म्हणून सार्वजनिक बसने जाणे किंवा उद्यानाच्या दुसऱ्या टोकाला गाडी लावून चालत येणे सोयीचे पडेल.