‘एमपीएच कुठून करू?’ हा दुसरा प्रश्न झाला

तुझा प्रश्न दोनदा वाचला. ‘तू’ म्हणते, माझी भाची तुझ्याच वयाची आहे.

बीएएमएस झालं, इंटर्नशिप संपत आली. हातात तीन वाटा: अमेरिकेतल्या एका विद्यापीठाची ग्लोबल हेल्थमधली दोन वर्षांची एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी), इंग्लंडमधली एक वर्षाची एमएससी, नाहीतर इथल्या एमपीएचच्या प्रवेश परीक्षा. नाशिकच्या कॉलेज रोडवरचा सल्लागार म्हणतोय अमेरिकाच घ्या, ‘ग्लोबलला स्कोप आहे’. बाबा सातपूरला कंपनीत, निवृत्तीला चार वर्षं. कर्ज ४५ लाखांचं, तारण राहतं घर. यातलं चांगलं कोणतं, असं विचारतेस.

माझं मत सरळ आहे. यंदा तिन्ही नको. दोन वर्षं काम कर आणि मग यातलंच एखादं घे.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. मी बीडीएस. पदवी हातात पडल्या पडल्या २०१३ साली याच विषयात शिकायला इंग्लंडला गेले. शिक्षण संपल्यावर नोकरीसाठी तिथे थांबता येणारा व्हिसा २०१२ मध्येच बंद झाला होता. माझ्या सल्लागाराने हे सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. कर्ज १८ लाख, व्याज १२ टक्के, मुदत दहा वर्षं, म्हणजे महिन्याला २५,८०० चा हप्ता. परत आल्यावर पहिली नोकरी ३५ हजारांची मिळाली. इंदिरानगरला आईवडिलांच्या घरी राहत होते म्हणून निभावलं, नाहीतर उरलेल्या नऊ हजारांत काय केलं असतं देव जाणे. तुझ्या ४५ लाखांचा हिशेब मांडून बघ: ११ टक्क्यांनी पंधरा वर्षांत फेडायचे तर हप्ता ५१ हजारांच्या घरात जातो, आणि त्यात शिकत असतानाचं साचणारं व्याज धरलेलंच नाही.

पण पैशापेक्षा मला जास्त लागतं ते वेगळंच. तिकडे एका तासाला ‘डिजिट प्रेफरन्स’ शिकवलं होतं, म्हणजे मोजणारा माणूस नकळत गोल आकड्याकडे झुकतो. मी वहीत उतरवलं, परीक्षेत लिहिलं, विसरून गेले. दीड वर्षाने आपल्याच जिल्ह्यात, घाटाकडच्या एका उपकेंद्रात बाळंतपणाचं रजिस्टर चाळत होते. वजनाचा रकाना: २.५००, २.५००, २.६००, २.५००, ३.०००, परत २.५००. पानांमागून पानं. अडीच किलोच्या खाली असेल तर बाळ कमी वजनाचं धरतात. अख्ख्या वर्षात २.४०० एकदाही नाही! भिंतीला स्प्रिंगचा काटा टांगलेला, झोळी रिकामी तरी सुई शंभर ग्रॅमवर. सिस्टर चहा गाळता गाळता म्हणाल्या, “अडीचच्या खाली लिहिलं की वरून फोन येतो, ताई. मग त्या बाळाचे कागद मीच रंगवायचे. बाळाकडे बघू का कागदाकडे?”

त्या एका रकान्यात संख्याशास्त्र होतं, यंत्राची चूक होती, माणसांची कमतरता होती आणि वरून येणाऱ्या फोनची भीतीही होती. हे रजिस्टर मी आधी पाहिलं असतं, तर त्या तासाला प्राध्यापकांना पाणी प्यायला वेळ दिला नसता. इतके पैसे भरून वर्गात बसले, आणि विचारायला एकही प्रश्न नव्हता.

अभय आणि राणी बंग यांचं नाव तुझ्या अर्जातल्या निबंधात आहेच (सगळ्यांच्या असतं, माझ्याही होतं). पण क्रम बघ. दोघं अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एमपीएचसाठी गेले १९८४ च्या सुमारास, त्याआधी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत काम करून झालं होतं. परत येऊन १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. घरीच नवजात बाळाची काळजी घेण्याचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ३९ गावांत ही पद्धत राबवली होती आणि नवजात मृत्युदर निम्म्याहून खाली आणला होता. प्रश्न घेऊन गेलेल्या माणसाला हॉपकिन्सने काय दिलं, ते त्यात दिसतं.

तर काम कुठे करायचं? बीएएमएसवाल्यांना आपल्या राज्यात समुदाय आरोग्य अधिकारी होता येतं. नोकरी कंत्राटी, डोक्याला ताप भरपूर, ऑनलाइन नोंदींचा जाच वेगळाच. पण एका उपकेंद्राची लोकसंख्या तुझी असते. पेठ-सुरगाण्याची माणसं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडला उतरतात तेव्हा लसीकरणाच्या यादीचं काय होतं, हे तुला कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. मालेगावला गेलीस तर आणखी वेगळं जग. २०२२ मध्ये तिथे गोवरची साथ आली होती. लस नको म्हणणाऱ्या आईशी दारात उभं राहून बोलणं हे कौशल्य आहे, आणि ते पदवीत मिळत नाही.

शिवाय सिंहस्थ आलाय. २०१५ च्या कुंभात हार्वर्डची मंडळी इथे आली होती. तात्पुरत्या दवाखान्यांतल्या रुग्णांच्या नोंदी टॅबवर घेऊन रोजच्या रोज बघायचे, कुठे जुलाब वाढतायत, कुठे ताप. जगभरची माणसं जे शिकायला नाशिकला येतात ते सोडून तू २०२७ मध्ये दुसऱ्या देशात ‘गर्दीतलं आरोग्य व्यवस्थापन’ स्लाइडवर बघणार? मला तरी हे पटत नाही.

आता शिष्यवृत्त्या. इथे तर दोन वर्षांचा थेट फायदा आहे. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगला २,८०० तास, म्हणजे साधारण दोन वर्षांचं काम लागतं, आणि पदवीचाच भाग असलेली सक्तीची इंटर्नशिप त्यात धरत नाहीत. जर्मनीच्या डाडची विकसनशील देशांसाठीची शिष्यवृत्ती दोन वर्षं मागते, अमेरिकेसाठीची फुलब्राइट-नेहरू तीन. आज तू यातल्या एकीलाही पात्र नाहीस. तुझा प्रवर्ग मला माहीत नाही, पण अनुसूचित जातीत असशील तर राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचे नियम आजच वाच. आदिवासी आणि इतर मागास विभागांच्याही स्वतंत्र योजना आहेत. आणि हो, पूर्ण शिष्यवृत्ती हातात असेल तर मी वर लिहिलेलं सगळं विसर आणि विमानात बस.

‘ग्लोबल’ या शब्दाबद्दल थोडं. ज्या नोकऱ्या बघून लोक हा विषय घ्यायचे, त्यातल्या पुष्कळ अमेरिकी मदतीवर उभ्या होत्या. ती मदत वाटणारी सरकारी संस्था यूएसएड २०२५ मध्ये गुंडाळली गेली. ब्रिटननेही मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ वरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलंय. दहा-पंधरा वर्षं अनुभवाची माणसं बाजारात नोकरी शोधतायत. त्यांच्या रांगेत तू नवी कोरी पदवी घेऊन उभी राहणार, हे सल्लागार सांगणार नाही, कारण त्याचं कमिशन प्रवेशावर असतं, नोकरीवर नसतं.

म्हणून माहितीपत्रकावरचं नाव सोड आणि वेळापत्रक माग. संख्याशास्त्र आणि साथरोगशास्त्र किती आहे? आर किंवा स्टाटा या सॉफ्टवेअरवर स्वतः बसून विश्लेषण करावं लागतं, की नुसत्या चर्चा आणि निबंध? अमेरिकेत जाणार असशील तर विद्यापीठाला मेल करून दोन गोष्टी विचार. पहिली, अभ्यासक्रमाला सीईपीएचची (सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक्रम तपासणारी तिथली संस्था) मान्यता आहे का. दुसरी, त्याचा सीआयपी कोड, म्हणजे विषयाच्या वर्गवारीचा क्रमांक काय. हा कोड फार कमी मुलं विचारतात, आणि तिथेच फसतात. साथरोगशास्त्र आणि बायोस्टॅटचे (जैवसंख्याशास्त्र) कोड सहसा स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या सरकारी यादीत असतात, म्हणजे शिक्षणानंतर काम करायला १२ अधिक २४ महिने मिळतात. सार्वजनिक आरोग्य किंवा आंतरराष्ट्रीय आरोग्य असा साधा कोड असला तर १२ महिन्यांत गाशा गुंडाळायचा. पदवीवर नाव एमपीएचच, पण दोन वर्षांचा फरक. इंग्लंडचा कामाचा व्हिसा २०२१ पासून परत सुरू झालाय, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी दीडच वर्ष मिळणार.

प्रॅक्टिकमचंही (अभ्यासक्रमातलं प्रत्यक्ष काम) विचार: गेल्या वर्षीची मुलं नेमकी कुठे गेली, काय केलं, प्रवासाचा खर्च कोणी दिला. उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा. फार ठिकाणी ‘फील्ड’ म्हणजे वसतिगृहाच्या खोलीत बसून दुसऱ्याने गोळा केलेला डेटा.

इथल्या पर्यायांना तू शेवटचा नंबर दिलायस, तो मला खटकला. तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन सेंटर १९९७ पासून एमपीएच शिकवतंय, तिथे संशोधनाचा पाया पक्का होतो. साथीच्या तपासात रस असेल तर चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था, धोरण आणि समाज या अंगाने जायचं असेल तर मुंबईचं टिस (टाटा समाजविज्ञान संस्था). गांधीनगर-हैदराबादच्या आयआयपीएच (सार्वजनिक आरोग्य संस्था) आहेत, कोलकात्याची अखिल भारतीय संस्था तर १९३२ ची. तुझा ओढा, तू लिहिलंयस त्यावरून, कुपोषणाकडे आणि मोजमापाकडे दिसतो. मी तुझ्या जागी असते तर दोन वर्षांनी अच्युत मेनन आणि चेव्हनिंग असे दोनच अर्ज केले असते. पात्रता मात्र स्वतः त्या त्या वर्षीच्या पत्रकात बघ, कुणाच्या तोंडी माहितीवर जाऊ नकोस, माझ्याही नाही.

या आठवड्यात करायचं एवढंच. इंग्लंडच्या आणि अमेरिकेच्या दोन्ही विद्यापीठांना लिही की प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का. बरीच देतात, आणि मिळालंच तर पुढच्या वर्षी परत विचार करायला दार उघडं राहतं. तोवर डिपॉझिट भरू नकोस, सल्लागार कितीही ‘शेवटची तारीख’ म्हणाला तरी. ट्रान्सक्रिप्टचे दोन-तीन संच आताच काढून ठेव. आपलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला, तुला रिक्षाने जाता येतं, नागपूरच्या मुलांना रात्रभर प्रवास करावा लागतो. आणि घराची मूळ कागदपत्रं बँकेत दिलीयत का अजून, ते कळव. दिली नसतील तर बाबांशी फोनवर बोलायला मी तयार आहे.